तंटा मिटला की दबला?
विद्यापीठांतील शांतता अभ्यासाविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या टिपणात शांतता अभ्यासाचा ओझरता उल्लेख होता. त्यावर अपेक्षेपेक्षा बरीच पत्रे आली. त्यांतील पाच पत्रे थोडी संक्षिप्त करून उत्तरांसह येथे देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच विनंतीवरून गाळली आहेत.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात नऊ वर्षांपूर्वी शांतता व संघर्ष अभ्यासाची एक वर्षाची पदव्युत्तर पदविका सुरू झाली. पहिल्या वर्षी २७ प्रवेश झाले होते, यंदा ५ आहेत. अभ्यासक्रम बंद करावा, असे प्राचार्यांचे मत आहे. तो सावरायचा झाल्यास सुरुवात कोठून करावी?
(राज्यशास्त्राच्या प्राध्यापिका, नांदेड जिल्हा)

बंद करण्याचा ठराव होण्यापूर्वी तुमचा अभ्यासक्रम एकदा त्रयस्थाच्या नजरेने वाचून पाहा. माझ्या पाहण्यात आलेल्या अशा अभ्यासक्रमांपैकी बहुतेकांची मांडणी एकाच साच्यातील होती : पहिल्या पेपरमध्ये शांततेच्या व्याख्या, दुसऱ्यात महात्मा गांधी, तिसऱ्यात संयुक्त राष्ट्रसंघ आणि चौथ्यात शस्त्रनियंत्रणाचे करार. यांतील कोणतीही गोष्ट टाकाऊ नाही. परंतु राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालेल्या विद्यार्थ्याने ती आधीच वाचलेली असते आणि न झालेल्याला ती परीक्षेपुरती पाठ करता येते. तेव्हा त्यासाठी आणखी एक वर्ष आणि आणखी शुल्क का द्यावे, हा विद्यार्थ्यांच्या मनातील प्रश्न रास्तच म्हणावा लागेल.

या विषयाला स्वतःचे असे काही आहे, आणि तेच बहुधा शिकवायचे राहून जाते. नॉर्वेचे योहान गाल्टुंग यांनी १९५९ मध्ये ओस्लो येथे शांतता संशोधन संस्था उभी केली, १९६४ मध्ये या विषयाचे नियतकालिक सुरू केले आणि १९६९ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात संरचनात्मक हिंसेची कल्पना मांडली. कोणी कोणावर हात उगारत नाही, तरीही समाजाची घडीच अशी असते की काही माणसे टाळता येण्याजोग्या कारणांनी मरतात, उपाशी राहतात किंवा अपमानित होतात. ही हिंसाच आहे, असे त्यांचे म्हणणे. मारामारी थांबली म्हणजे नकारात्मक शांतता आली. अन्यायाची घडी बदलू लागली की सकारात्मक शांततेची सुरुवात झाली. हा भेद विद्यार्थ्याच्या हाती साधन म्हणून आला पाहिजे. त्याने तो गावातील, कारखान्यातील, वसतिगृहातील एखाद्या खऱ्या वादाला लावून पाहिला नाही, तर ती टिपणवहीतील आणखी एक व्याख्या ठरते.

दुसरी गोष्ट मोजमापाची. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात १९७१ पासून शांतता व संघर्ष संशोधनाचा विभाग आहे. जगातील सशस्त्र संघर्षांची तेथे ठेवली जाणारी नोंद संशोधक सर्वत्र वापरतात. एखाद्या संघर्षात वर्षभरात लढाईमुळे किमान २५ मृत्यू झाले असतील तरच तो त्या नोंदीत येतो. ही मर्यादा वर्गात चर्चेला घेण्याजोगी आहे, कारण तिच्यात काय बसते याइतकेच काय सुटते हेही बोलके आहे. आपल्याकडील एखाद्या वस्तीवर वर्षानुवर्षे चालणारा बहिष्कार त्या आकड्यांत कधीच दिसणार नाही. तुमच्या विद्यार्थ्यांना जिल्हा दैनिकाचे एका वर्षाचे अंक वाचायला द्या आणि प्रत्येक वादाची नोंद करायला सांगा : वाद कोणाचा, कशावरून, पोलिसांत गेला का, मध्ये कोण पडले, पुढे काय झाले. काय मोजायचे यावरून वर्गात जे वाद होतील, त्यांतून संशोधनपद्धती ते बरेच चांगले शिकतील. शिवाय पाच वर्षे हा उपक्रम चालला तर जिल्ह्यातील संघर्षांची अशी नोंद तुमच्या महाविद्यालयाजवळ तयार होईल, जी बहुधा दुसऱ्या कोणाजवळही नसेल.

आता माणसांविषयी. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड विद्यापीठाचा शांतता अभ्यास विभाग १९७३ मध्ये क्वेकर या युद्धविरोधी ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या पुढाकाराने सुरू झाला. पहिले प्राध्यापक ॲडम कर्ल हे हार्वर्डहून आले होते. १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धानंतर आणि पुढे नायजेरिया आणि त्यातून फुटू पाहणारा बियाफ्रा यांच्यातील युद्धाच्या काळात क्वेकर मध्यस्थांबरोबर त्यांनी दोन्ही बाजूंच्या लोकांशी बोलण्याचे काम केलेले होते. ते १९७८ मध्ये निवृत्त झाले, पण विभाग त्यांच्याबरोबर संपला नाही, आणि तुमच्या दृष्टीने हेच महत्त्वाचे आहे. पुढे तेथे नावारूपाला आलेल्या अभ्यासकांपैकी पॉल रॉजर्स आणि माल्कम डँडो हे मुळात जीवशास्त्राचे. डँडो यांनी जैविक अस्त्रांवरील बंदीच्या कराराचा अनेक वर्षे पाठपुरावा केला, आणि ते काम राज्यशास्त्राच्या पदवीवर होण्यासारखे नव्हते. १९८० च्या दशकात अण्वस्त्रांवरून ब्रिटनमध्ये वातावरण तापले, तेव्हा या विभागावर राजकीय टीकाही पुष्कळ झाली. अशा वेळी विभागाला आधार देऊ शकते ते काटेकोर संशोधनच.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी याच्या उलट घडते. एका विद्यापीठाच्या समितीवर असताना मी अशीच एक पदविका पाहिली होती. एक उत्साही प्राध्यापक, त्यांनी जमवलेली पुस्तके आणि त्यांच्या ओळखीने येणारे व्याख्याते, एवढाच तिचा पसारा. प्राध्यापक निवृत्त झाले, पुस्तके कपाटात गेली, आणि आम्ही भेटीला गेलो त्या दिवशी कपाटाची किल्ली असलेले लिपिक रजेवर होते.

त्यामुळे तुम्हाला सुचवावेसे वाटते ते असे. पदविका वर्षभर स्थगित ठेवावी लागली तरी चालेल, पण त्या वर्षात पदवी स्तरावर दोन श्रेयांकांचा (क्रेडिटचा) खुला ऐच्छिक विषय सुरू करून विद्यार्थी तयार करावेत. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत महाराष्ट्रातील महाविद्यालयांत क्षेत्रप्रकल्प आणि समाजसहभागाच्या प्रकल्पासाठी श्रेयांक ठेवलेलेच आहेत. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला ३० तास धरतात, म्हणजे दोन श्रेयांकांत ६० तासांचे क्षेत्रकार्य होते, आणि ते थोडे नाही. शिकवण्यासाठी विधी, समाजकार्य आणि मानसशास्त्राच्या सहकाऱ्यांना अभ्यास मंडळापासूनच सोबत घ्या. वेळापत्रक ठरल्यावर घेतलेले सहकारी पाहुणेच राहतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या अनुभवावर प्राध्यापक नेमण्याची, तरतूद केली असून मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत अशा नेमणुका करता येतात. निवृत्त तहसीलदार, कुटुंब न्यायालयातील समुपदेशक किंवा कामगार संघटनेत आयुष्य घालवलेला कार्यकर्ता यांपैकी कोणी वर्षभर वर्गात येऊन बसला, तर पाठ्यपुस्तकाला निराळाच अर्थ येतो. मात्र सारा डोलारा तासिका तत्त्वावर उभा करू नये. किमान एक पूर्णवेळ माणूस असा हवा, ज्याच्या सेवापुस्तिकेत हा विषय लिहिलेला आहे.

प्रश्न : वडिलांच्या स्मरणार्थ विद्यापीठाला ५० लाख रुपये द्यावेत, अशी आमच्या कुटुंबाची इच्छा आहे. शांतता अभ्यासासाठी सभागृह बांधावे की अध्यासन स्थापन करावे?
(विश्वस्त, पुणे)

दोन्ही नको. सभागृहाला दुरुस्ती लागते आणि त्यात भरते ते बहुधा वर्षातून एक व्याख्यान. अध्यासनाचा हिशेब तुम्ही स्वतःच करून पाहावा : ५० लाखांवर सात टक्के व्याज धरले तरी वर्षाला साडेतीन लाख रुपये होतात. त्यात प्राध्यापकाचे वेतन बसत नाही. फलक, तैलचित्र आणि मानधनावरचा एक समन्वयक एवढेच बसते. अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठाला जोन क्रॉक यांनी १९८६ मध्ये ६० लाख डॉलर दिले आणि २००३ मध्ये मृत्युपत्राने आणखी ५ कोटी डॉलर ठेवले, तेव्हा तेथील शांतता अभ्यासाची संस्था आजच्या आकाराला आली. आपली देणगी वेगळ्या मापाची आहे आणि तिचा उपयोगही वेगळा असावा. दरवर्षी दोन विद्यार्थ्यांना प्रत्येकी सहा महिने एका तालुक्यात राहून काम करण्यासाठी छात्रवृत्ती द्या, प्रवास आणि निवासाचा खर्च त्यात धरा, आणि विषय कोणता असावा याबाबत कुटुंबाचा हस्तक्षेप राहणार नाही, असे देणगीपत्रातच लिहून द्या. शेवटची अट तुमच्या नातवंडांनाही उपयोगी पडेल.

प्रश्न : मी आमच्या गावच्या तंटामुक्त समितीचा सहा वर्षे अध्यक्ष होतो. आम्ही बांधाचे, वाटणीचे, पाण्याच्या पाळीचे कितीतरी वाद मिटवले. विद्यापीठातील शांतता अभ्यासात आमच्यासारख्यांच्या अनुभवाला काही स्थान आहे काय?
(शेतकरी, सातारा जिल्हा)

आपल्या पत्राने फार आनंद झाला. थोडी खंतही वाटली, कारण हा प्रश्न विद्यापीठांनी तुम्हाला येऊन विचारायला हवा होता.

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाली, तेव्हा आर. आर. पाटील गृहमंत्री होते. गावोगावी समित्या स्थापन झाल्या, दिवाणी, महसुली, फौजदारी आणि इतर अशा वर्गवारीने तंट्यांच्या नोंदी झाल्या, तडजोडी झाल्या, गावांना पुरस्कार मिळाले. शांतता अभ्यासाच्या कोणत्याही विभागाला हेवा वाटावा अशी ही सामग्री आहे, आणि तिचा बराचसा भाग ग्रामपंचायतीच्या दप्तरांत पडून आहे. तुमच्या गावची नोंदवही शाबूत असेल, तर जवळच्या विद्यापीठाला तिच्याविषयी अवश्य कळवा.

मात्र विद्यार्थी ती वही घेऊन येतील तेव्हा त्यांनी तुम्हाला थोडे अवघड प्रश्न विचारावेत, अशीही माझी अपेक्षा आहे. बांधाचा वाद मिटला तेव्हा मोजणी झाली होती का, की भाऊबंदांतील थोरल्याच्या शब्दाला मान दिला गेला? वाटणीत बहिणीने हक्कसोड लिहून दिले, ते स्वखुशीने की माहेर तुटेल या भीतीने? समितीत स्त्रिया किती होत्या, आणि त्या बोलत होत्या का? पुरस्काराच्या वर्षी मिटलेल्या तंट्यांपैकी किती दोन वर्षांनी पुन्हा वर आले? अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचाराचे गुन्हे तर तडजोडीने मिटवण्याची कायद्यात सोयच नाही. अशा प्रसंगी समितीने काय केले? गाल्टुंग ज्याला नकारात्मक आणि सकारात्मक शांतता म्हणतात, तो भेद तुमच्या पारावर आलेला असतो तो या रूपात : तंटा मिटला की दबला?

तुमच्या समितीवर संशय घेण्यासाठी मी हे लिहीत नाही. पुष्कळ तंटे खरोखर मिटले असतील, आणि कोर्टाच्या तारखांत दोन पिढ्या घालवण्यापेक्षा ते कितीतरी बरे. पण कोणते मिटले आणि कशामुळे मिटले, हे नीट जुळवून पाहिल्याशिवाय कळत नाही. भिवंडीचे उदाहरण पाहा. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या त्या शहरात सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त असताना मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. शांततेच्या काळात दोन्ही समाजांची माणसे पोलिसांबरोबर नियमित बसू लागली. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही मोहल्ला समित्यांची चळवळ सुरू झाली. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी अलीगढ आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत अशा, एक दंगलींचे व एक तुलनेने शांत शहर असलेल्या, जोड्या घेऊन अभ्यास केला. व्यापारी संघ, कामगार संघटना, व्यावसायिक मंडळे यांत हिंदू-मुसलमान एकत्र असतील, तर ते संबंध दंगलीच्या दडपणाखालीही टिकतात. नुसता शेजार किंवा सणाला एकमेकांकडे जाणे, विशेषतः मोठ्या शहरांत, तेवढे पुरत नाही, असे त्यांना आढळले. आता तुमच्या समितीकडे याच नजरेने पाहता येईल. ती वाद उद्भवल्यावर बसत होती, की एरवीही बसत होती?

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा हे गाव या बाबतीत आणखी पुढे गेलेले आहे. तेथे निर्णय बहुमताने न घेता सर्वांच्या सहमतीने घेतात, आणि त्याआधी अभ्यासगटात विषय चर्चिला जातो. २००९ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, त्यामागे अशा बैठकांची अनेक वर्षे आहेत. मतभेद झाल्यावर घाई न करण्याची ही रीत कोणत्याही पाठ्यपुस्तकाइतकी शिकण्याजोगी आहे.

हे वाचणाऱ्या प्राध्यापकांसाठी एक सूचना येथेच करून ठेवतो. विद्यार्थ्याने वादातील माणसाशी बोलताना घेतलेली टिपणे न्यायालयाने मागितली, तर वकिलासारखे संरक्षण त्याला नसते. म्हणून नावे टिपणवहीत लिहू नयेत, संमती आधी घ्यावी, आणि चालू गुन्ह्यातील पक्षकारांकडे पहिल्या वर्षाचे विद्यार्थी पाठवू नयेत.

प्रश्न : मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. शांतता अभ्यास म्हणजे गांधी अभ्यास, असेच समीकरण दिसते. आमच्या इतिहासातील संघर्ष त्यात कुठेच नाहीत. हा विषय आमचा आहे असे मी का मानावे?
(विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

तुमची तक्रार खरी आहे आणि तिला कारणही आहे. भारतात हा विषय बऱ्याच ठिकाणी गांधी अध्ययनाच्या अंगणात वाढला. चंदिगडच्या पंजाब विद्यापीठातील विभागाच्या नावात दोन्ही शब्द आहेत, वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयातही तसेच आहे, आणि प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठीच्या नेट परीक्षेतील विषयाचे नावच ‘बौद्ध, जैन, गांधी व शांतता अभ्यास’ असे आहे. दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियामध्ये २००४ मध्ये सुरू झालेले केंद्र मात्र नेल्सन मंडेला यांच्या नावाने आहे. नावांवरून फार काही सिद्ध होते असे नाही, तरी वाचनयाद्या पाहिल्यावर तुमचे म्हणणे पटते.

गांधींना वगळावे असे मी म्हणणार नाही. गाल्टुंग स्वतः गांधींच्या अभ्यासातून या विषयाकडे आले होते. पण डॉ. आंबेडकरांचे २५ नोव्हेंबर १९४९ चे संविधान सभेतील भाषण या विषयाच्या पहिल्याच सत्रात असायला हवे. त्यात दोन गोष्टी शेजारीशेजारी आहेत. संविधानिक मार्ग उपलब्ध झाल्यावर सत्याग्रहासारखे मार्ग म्हणजे ‘अराजकाचे व्याकरण’ होय, असे ते सांगतात. आणि राजकारणात समता व सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता ही विसंगती फार काळ चालू राहिली, तर विषमतेने पिडलेले लोक लोकशाहीची ही इमारतच उद्ध्वस्त करतील, असा इशाराही देतात. संरचनात्मक हिंसेचा सिद्धान्त ओस्लोत लिहिला जाण्याआधी वीस वर्षे हा विचार दिल्लीत मांडला गेलेला आहे. हे सांगणारे आंबेडकर १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह करून आलेले आहेत. ही विसंगती आहे की बदललेल्या परिस्थितीचे भान, यावर वर्गात दोन तास भांडण झाले पाहिजे. १९३२ चा पुणे करार त्याच्या पुढच्या आठवड्यात घ्यावा : उपोषण हे अहिंसक साधन समोरच्या पक्षाला नकार देण्याची मोकळीक कितपत ठेवते, हा प्रश्न त्यातून सरळ उभा राहतो.

आणि तुमच्या विद्यापीठाचे नाव. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला, त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली, माणसे मारली गेली. १९७९ मध्ये नागपूरहून लाँग मार्च निघाला. निर्णय प्रत्यक्षात आला १४ जानेवारी १९९४ रोजी, आणि तो नामविस्ताराच्या रूपात : डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. या साडेपंधरा वर्षांत संघर्ष अभ्यासाचे बहुतेक सगळे प्रश्न येतात. प्रादेशिक अस्मितेचा मुद्दा कोणाला खरोखर वाटत होता आणि कोणासाठी तो जातीचा आडपडदा होता? गावातील जमीन, मजुरी आणि राखीव जागांवरचा राग विद्यापीठाच्या पाटीवर कसा येऊन बसला? ‘मराठवाडा’ हा शब्द राखून ‘बाबासाहेब’ जोडणे ही तडजोड कोणाला मान्य झाली आणि कोणाला पराभव वाटली? त्या काळातील कार्यकर्ते, जळीतग्रस्त कुटुंबे आणि विरोध करणारेही आज वृद्ध झाले आहेत. त्यांच्या मुलाखती घेण्यासाठी तुम्हाला परदेशी विद्यापीठाची छात्रवृत्ती लागणार नाही, एसटीचा पास पुरेल. तुमच्या विभागाने हा विषय प्रबंधिकेसाठी नाकारला, तर नकार लेखी मागा. मला वाटते, तो मिळणार नाही.

प्रश्न : मुलीला शांतता अभ्यासात एम.ए. करायचे आहे. नोकरी मिळेल का?
(पालक, कोल्हापूर)

‘शांतता अभ्यासक’ अशा पदाची जाहिरात आपल्याकडे क्वचितच निघते, हे आधी स्पष्ट सांगितलेले बरे. अध्यापनात जायचे तर नेटची वाट आहे, पण पदे मोजकीच. २०१३ च्या भूसंपादन कायद्यामुळे प्रकल्पांच्या सामाजिक परिणामांचे मूल्यमापन करावे लागते, आणि त्या कामात गावातील तणाव समजणारी माणसे लागतात. स्वयंसेवी संस्था, पुनर्वसन, कौटुंबिक समुपदेशन, पत्रकारिता या क्षेत्रांतही हे शिक्षण उपयोगी ठरते. २०२३ च्या मध्यस्थता कायद्यामुळे मध्यस्थीच्या व्यवसायाला चौकट मिळाली. तथापि न्यायालयीन मध्यस्थांच्या यादीत मुख्यतः अनुभवी वकील व निवृत्त न्यायाधीश असतात, आणि त्यांनाही ४० तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. म्हणून मुलीने कायदा, समाजकार्य किंवा संख्याशास्त्र यांपैकी एखादा विषय भक्कम करून त्याला याची जोड द्यावी, असे मी सुचवेन.

प्रवेश घेण्यापूर्वी तिने त्या विभागात स्वतः जावे आणि मागील दोन वर्षांच्या विद्यार्थ्यांचे क्षेत्रकार्याचे अहवाल पाहायला मागावेत. ते अर्ध्या तासात टेबलावर आले, तर शुल्क भरावे. ‘शोधून ठेवतो, पुढच्या आठवड्यात या’ असे उत्तर मिळाले, तर दुसरा विभाग पाहावा.